भूमध्य समुद्राकाठचा सत्कार

आमच्या सोलापुरात माणूस किती मोठा, हे त्याच्या दुकानात गादीच्या वर काय टांगलंय त्यावरून ठरायचं. देवांच्या तसबिरी सगळ्यांकडेच असत, त्यामुळे त्या कुणी हिशेबात धरत नसे. देवांच्या शेजारी कोण आहे, हा खरा प्रश्न. सत्तरच्या दशकात माझ्या मामाचं नव्या पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान होतं आणि त्याच्याकडे देवांच्या शेजारी एका साबणाचं कॅलेंडर होतं. समोरच्या दुकानात, त्याच धंद्यातल्या शेटजींकडे, एका मंत्र्याबरोबरचा फोटो होता. मंत्री गळ्यात हार घालून बसलेले आणि शेटजी त्यांच्या कानाशी वाकलेले. ते मंत्र्यांना काय सांगत होते कुणास ठाऊक. बहुधा "जरा इकडं बघा, फोटो काढतायत" एवढंच असावं. पण पाहणाऱ्याला वाटे, राज्याचा कारभार शेटजींना विचारून चाललाय. पुढे मंत्र्यांचं खातं गेलं, मग मंत्रिपद गेलं, मग आमदारकीही गेली. फोटो मात्र पदावर कायम होता.

चादर-टॉवेल व्यापाऱ्यांच्या संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक मामा ह्याच शेटजींकडून हरला होता. हरण्याची कारणं बाकीच्यांना माहीत होती. मामा उधारी वसूल करताना फार मोठ्यानं बोलत असे, हे त्यातलं पहिलं. मामाचं मत वेगळं होतं.

"मतं फोटोला पडली रे," तो मला म्हणाला. "मला पाडायची त्याची काय टाप हाय? फोटोनं पाडलं मला."

पुढची निवडणूक दिवाळीनंतर होती. तोवर समोरच्या फोटोपेक्षा मोठा फोटो मिळवायचा, हे मामानं ठरवून टाकलं. प्रश्न एवढाच होता की मंत्र्यापेक्षा मोठा माणूस सोलापुरात येतो कधी आणि आला तर मामाच्या जवळ थांबतो कशाला.

अशात ते आमंत्रण आलं. मामाचे टॉवेल मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत परदेशी जात. त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे भूमध्य समुद्रात सहलीची जहाजं फिरवणारी एक कंपनी. तिच्यासाठी खरेदी करणारा गोरा माणूस एकदा सोलापूरला येऊन गेला होता. आम्ही त्याला खरेदीसाहेब म्हणत असू. मामीच्या हातची शेंगाची चटणी खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ते मैत्रीचं होतं की तिखटाचं, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आता त्याचं बोलावणं आलं होतं. मामा-मामीनं आठवडाभर जहाजावर पाहुणे म्हणून यावं आणि बरोबर इंग्रजी बोलणारं कुणी आणावं. इंग्रजी बोलणारं कुणी म्हणजे मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. माझं इंग्रजी पुस्तकातून आलेलं होतं आणि मेलेल्या कवींशी बोलायला ते उत्तम होतं. जिवंत माणसांवर ते कधी वापरून पाहिलं नव्हतं.

त्या काळात परदेशी जायला इतके कागद लागत, की तेवढ्या कागदांचं एखादं जहाज झालं असतं. ते सगळे जमवताना मामा एकदाही चिडला नाही, ह्यावरूनच त्याच्या मनात काहीतरी वेगळं आहे हे मी ओळखायला हवं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बॅग उघडून दाखवली. वर मोराची नक्षी असलेली जाडजूड चादर, तिच्याखाली नारळ, सुताचा हार आणि विभूतीची डबी.

"हे कशाला मामा?"

"सत्काराला. तिकडच्या कुणातरी मोठ्या माणसाचा सत्कार करायचा आन् फोटो काढायचा."

"आपला सत्कार करतील असं म्हण की."

"येडा का खुळा? सत्कार करून घ्यायला लायकी लागती. करायला नारळ लागतो."

सार्वजनिक जीवनाविषयी इतकं नेमकं वाक्य मी त्यानंतर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

मामीची तयारी निराळी होती. मामी सांगोल्याकडची. तिनं एक पत्र्याचा डबा भरून कडक भाकरी घेतल्या, दुसरा डबा भरून चटणी. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ आणि ठणठणीत वाळवलेली भाकरी. महिनाभर टिकते आणि वाजवली तर वाजते. जहाजावर पहिल्याच जेवणाला मामीनं तिच्या दोन भाकरी टेबलावर काढून ठेवल्या आणि हात धुवायला गेली. परत आली तेव्हा वाढप्यानं त्या उचलून रिकाम्या ताटल्यांच्या थप्पीत ठेवलेल्या होत्या.

"त्यो खायचा जिन्नस हाय म्हणावं," मामी मला म्हणाली. मी सांगितलं. वाढप्यानं भाकरी थप्पीतून काढली, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या इंग्रजीवरचा माझाच विश्वास उडाला.

जहाजाविषयी फार सांगत नाही. जहाजावर लोक उन्हात झोपतात, उठून खातात आणि पुन्हा झोपतात. हेच सोलापुरात केलं तर घरचे लोक बोलतात. मामीला एकच गोष्ट सहन होत नव्हती. पोहण्याच्या हौदाकाठी बायाबापड्या अंगाला तेल चोपडून आमच्या टॉवेलांवर लोळत होत्या. तेल लागलेला टॉवेल दिसला की मामी अस्वस्थ व्हायची. एकीच्या अंगाखालचा टॉवेल ओढून तिनं त्याची किनार मला दाखवली. "आपलाच हाय ह्यो. बघ की, कसा केलाय!" ती बाई घाबरून उठली. मी क्षमा मागितली. ज्यांच्यासाठी क्षमा मागायची ती माणसं बरोबर असली की इंग्रजी लवकर सुधारतं.

मामाचं लक्ष माणसांवर होतं. सत्काराला योग्य असा माणूस तो शोधत होता. मी कप्तानाचं नाव सुचवलं. सोनेरी पट्ट्यांच्या बाह्या, पांढरा गणवेश, रुबाबदार मिशी. मामानं दोन दिवस विचार केला आणि नकार दिला.

"त्याच्याबरोबर जो तो फोटो काढतोय. आन् समोरचा काय म्हणंल माहितीय? ड्रायव्हरबरोबर फोटो काढून आला म्हणंल. जहाजाचा असला तरी ड्रायव्हरच की."

आठवडा संपत आला. नारळ बॅगेतच होता. मामाची झोप उडाली. तेव्हा खोलीच्या दाराखालून रोज सकाळी सरकवला जाणारा कार्यक्रमाचा कागद त्यानं मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, की उद्या जहाज एका ऐतिहासिक बंदरगावी दिवसभर थांबेल. तटबंदी, प्राचीन देऊळ आणि बाजार दाखवण्यात येईल. दुपारी बारा वाजता नगरपालिकेत नगराध्यक्ष प्रवाशांचं स्वागत करतील.

"नगराध्यक्ष!" मामा म्हणाला. "म्हणजे अख्ख्या गावाचा मालक."

"मालक नव्हे मामा. निवडून दिलेला असतो."

"तेच की. निवडून आलेला हाय. मला तसलाच पायजे."

गावाचं नाव इथं देत नाही. पुढं जे झालं ते वाचल्यावर कारण कळेल. समुद्राच्या कडेला पिवळट दगडाचा तट, तटाच्या आत चढत गेलेली घरं, वर देवळाचा घुमट. मागे उघडं टेकाड. टेकाडावर निवडुंग, मेंढरं आणि एक धनगर. मामी जहाजाच्या शिडीवरून उतरली, पदर सावरून तिनं चौफेर पाहिलं आणि जागीच थांबली.

"एवढं इमान केलं, जहाज केलं, आन् हितं सांगोलाच हाय की!"

"अगं समुद्र बघ की," मामा म्हणाला.

"तेवढं पाणी सांगोल्याला दिलं असतं तर आमी बी तट बांधला असता."

आम्हाला गाव दाखवायला एक बाई आली होती. तिनं मिटलेली लाल छत्री उंच धरली होती आणि सगळे प्रवासी छत्रीमागून चालत होते. "पाऊस न्हाय, ऊन लागतंय तरी उघडत न्हाय, मग वर कशाला धरलीया?" मामीनं विचारलं. ह्याचं समाधानकारक उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. बाई गावाचा इतिहास सांगत होती. ह्या गावावर पहिल्यांदा अमके चालून आले, त्यांनी लुटलं. मग तमके आले, त्यांनी लुटलं आणि जाळलंही. मग समुद्री चाचे आले. लुटलं गेल्याचा इतका अभिमान मी कधी ऐकला नव्हता. लूट झाली की गावकरी तट आणखी उंच करत, असं ती म्हणाली. साथ येऊन गेली की गटार बांधायचं, हे आमच्या नगरपालिकेचं धोरण मला आठवलं.

"आपल्या भुईकोटाचा तट ह्याच्यापेक्षा चांगला हाय," मामा म्हणाला. भुईकोट किल्ल्याच्या आत तो जन्मात गेला नव्हता.

देवळापाशी आम्ही छत्रीचा नाद सोडला. वाटेत एका गल्लीत म्हाताऱ्या बायका फळ्यांवर टोमॅटोचा लगदा उन्हात वाळत घालत होत्या. मामी त्यांच्यात जाऊन बसली. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती, त्यामुळे बोलणं अडलं नाही. मामीनं लगद्यात बोट घालून चाखलं, तोंड वाकडं केलं, पिशवीतून चटणीची पुडी काढली आणि चिमूटभर एकीच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं ती जिभेवर टाकली. मग तिनं बाकीच्यांना हाका मारल्या. आम्ही मामीला उठवून निघेपर्यंत पुडी संपली होती.

नगरपालिकेची इमारत चौकात होती. रुंद दगडी पायऱ्या, वर झेंडे. आम्ही छत्रीवाल्या बाईच्या लोकांच्या बरेच आधी पोचलो होतो आणि पायऱ्यांवर, भर उन्हात, तो उभा होता.

उंच, धिप्पाड, पिकल्या मिशांचा. लाल मखमली डगला, त्यावर सोनेरी काम. छातीवर पदक लटकणारी जाड साखळी. पांढरे हातमोजे. डोक्यावर पिसांची टोपी आणि हातात चांदीच्या मुठीची पुरुषभर काठी. राजा म्हणून सोलापुरात उतरला असता तर नाक्यावरच्या लोकांनी मागेपुढे न पाहता जकात माफ केली असती.

मामानं माझा दंड धरला. "ह्योच," तो म्हणाला. "काढ नारळ."

जहाजावरून मागून आणलेला एक ट्रे होता, त्यात मी सामान मांडलं. आता ट्रे माझ्या हातात, चादर मामाच्या हातात, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात. फोटो कोण काढणार? पायऱ्यांच्या बाजूला कमानीच्या सावलीत एक किडकिडीत माणूस उभा होता. अर्ध्या बाह्यांचा चुरगळलेला शर्ट, काखेत कागदांची फाईल, हातात अर्धं खाल्लेलं पीच. मी त्याला इंग्रजीत विचारलं, जरा फोटो काढता का? त्याला इंग्रजी येत होतं. त्यानं पीच संपवलं, हात रुमालाला पुसले, कॅमेरा घेतला आणि हे काय चाललंय असं विचारलं.

मी सांगितलं, हे आमचे मामा, हिंदुस्थानातले मोठे व्यापारी आहेत आणि त्यांना नगराध्यक्षांचा सत्कार करायचाय.

त्यानं पायऱ्यांवरच्या त्या भव्य माणसाकडे पाहिलं. मग मामाकडे. मग मामाच्या हातातल्या चादरीकडे. "छान," तो म्हणाला. "त्यांना इंग्रजी येत नाही. मी सांगतो त्यांना."

तो काय बोलला ते मला कळलं नाही. पण पिसांच्या टोपीखालचा चेहरा क्षणभर गोंधळला आणि मग दगडासारखा गंभीर झाला. मामा पुढे झाला. त्यानं टाचा उंचावून टोपीखालच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. गळ्यात हार घातला. भर दुपारी, भर उन्हात, मखमलीवर मोराची जाड चादर पांघरली आणि मोज्यांच्या हातात नारळ ठेवला. माणूस हलला नाही. घामाचा एक ओघळ विभूतीतून वाट काढत मिशीत उतरला, तेवढाच.

मग मामानं भाषण केलं. मामा बोलला मराठीत, मी सांगितलं इंग्रजीत, आणि किडकिडीत माणसानं कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्या भाषेत.

"आपण ह्या नगरीचे पिता आहात," मामा म्हणाला. किडकिडीत माणसानं ते भाषांतर इतक्या आदरानं केलं, की मला त्याचं कौतुक वाटलं. "आपल्यासारखं नेतृत्व सोलापूरला मिळालं असतं तर तिथं रोज पाणी आलं असतं." हेही त्यानं सांगितलं आणि स्वतः थोडा विचारात पडल्यासारखा दिसला.

फोटो त्यानं मनापासून काढले. मामाला डावीकडे सरकवलं, नारळ वर धरायला लावला, मामीला चौकटीत बोलावलं. मामी आली नाही. "माझं ह्यात काय काम न्हाय," ती म्हणाली आणि सावलीत जाऊन उभी राहिली.

एवढ्यात बाराचे ठोके पडायला लागले. छत्रीमागून प्रवासी येऊन पोचले. त्या भव्य माणसानं चादर, हार आणि नारळासकट काठी तीनदा पायरीवर आपटली आणि खणखणीत आवाजात काहीतरी ललकारलं. किडकिडीत माणसानं माझ्या हातात कॅमेरा दिला, खिशातून घडी घातलेला रंगीत रेशमी पट्टा काढला, खांद्यावरून आडवा घातला आणि पायऱ्या चढून वर गेला. लाल डगल्यानं वाकून त्याच्यासाठी दार उघडलं.

टाळ्या झाल्या. नगराध्यक्ष स्वागताचं भाषण करू लागले.

मामा खालच्या पायरीवर बसला. म्हणाला, "म्हणजे मी पट्टेवाल्याचा सत्कार केला."

"व्हय," मामी म्हणाली. "मला तवाच वाटलं. उन्हात उभा हाय त्यो चाकर, सावलीत उभा हाय त्यो साहेब."

"मग आधी बोलायचं की!"

"तुमी कवा इचारलं?"

मी म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही. नगराध्यक्ष भला माणूस दिसतोय, आपण त्याच्याबरोबरही एक फोटो काढू. भेट द्यायला काही नसलं तरी चालेल. मामानं मान वर करून पाहिलं. वर नगराध्यक्ष बोलत होते. पट्टा वाकडा बसला होता, शर्टाच्या पुढच्या बाजूला पीचचा डाग होता आणि त्यांच्या शेजारी लाल मखमलीत, सोन्यात, मोराच्या चादरीत आणि विभूतीत त्यांचा पट्टेवाला उभा होता. मामानं दोघांना एकदा तोलून पाहिलं, कापड तोलावं तसं.

"ह्याच्याबरोबर फोटो काढून नेला," तो म्हणाला, "तर नव्या पेठेत विश्वास कोण ठेवणार?"

त्या क्षणी मामाचं निम्मं राजकीय शिक्षण पूर्ण झालं. उरलेलं निम्मं पुढे व्हायचं होतं.

सोलापूरला आल्यावर तो फोटो मोठा करून घेतला. खाली काय लिहायचं, ह्यावरून घरात भांडण झालं. मामाला "नगराध्यक्षांचा सत्कार" असं हवं होतं. मामी म्हणाली, "खोटं लिवायचं न्हाय. खोटं लिवलं तर मी स्वता जाऊन समोरच्या दुकानात सांगून यीन." शेवटी रंगाऱ्यानं सोनेरी अक्षरांत "भूमध्य समुद्राकाठी सत्कार" एवढंच रंगवलं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. बाकीचं पाहणाऱ्यांनी आपापल्या मनात रंगवलं.

गर्दी लोटली. कुणी म्हणे तो तिकडचा राजा आहे, कुणी म्हणे गव्हर्नर. कपाळावरच्या विभूतीनं तर कमाल केली. गोऱ्या साहेबाला विभूती लावायला लावली म्हणून पेठेतले म्हातारे व्यापारी मामाच्या दुकानात येऊन नमस्कार करून गेले. "यप्पा, काय तेज हाय बघा तोंडावर!" असं म्हणाले. तो घाम होता, हे मी बोललो नाही. मला कुणी विचारलंही नाही. समोरच्या दुकानातला मंत्री एकदम मळकट दिसू लागला.

समोरचे शेटजी मात्र कसलेले होते. रोज संध्याकाळी ते पलीकडून येत आणि चष्मा लावून फोटो न्याहाळत.

"हातमोजे का घातलेत हो त्यांनी?"

"थंडी," मामा म्हणे.

"आन् घाम?"

"नारळ जड होता."

शेटजी हसून परत जात. दिवाळी झाली, निवडणूक आठवड्यावर आली आणि नेमका खरेदीसाहेब सोलापुरात उतरला. ह्या वेळी शेटजींनी त्याला आधी गाठलं, आपल्या दुकानात चहा पाजला आणि पेठ गजबजलेली असताना त्याचा हात धरून, मागे वीसपंचवीस व्यापारी घेऊन, रस्ता ओलांडून मामाच्या दुकानात आणला. मला कॉलेजातून बोलावून घेतलं होतं, ते शेटजींनीच.

"प्रोफेसर, साहेबांना विचारा," शेटजी गोड आवाजात म्हणाले. "हे त्यांच्याच मुलखातले हायेत. ह्या फोटोतले थोर गृहस्थ कोण म्हणून विचारा."

मामा गादीवर ताठ बसला होता. त्याचा हात चादरीच्या गठ्ठ्यावर होता आणि बोटं दशा उलगडत होती. जिन्यात, वरच्या घरातून उतरलेली मामी उभी होती. मी विचारलं. साहेबानं फोटो पाहिला आणि मोठ्यानं हसला.

"ह्याला कोण ओळखत नाही! नगरपालिकेच्या दारावरचा माणूस हा."

मी मामाकडे पाहिलं. मामानं मामीकडे पाहिलं. मामीनं मान हलवली, सांग म्हणून. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

शेटजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पट्टेवाला," ते हळूच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. मागे कुणीतरी खुसखुसलं.

तेवढ्यात व्यापाऱ्यांतले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. ह्या गृहस्थांनी जकात नाक्याच्या बाकावर आयुष्य घालवलं होतं. "जरा विचारा," ते म्हणाले, "तिकडं बी साहेबाला भेटायचं तर ह्याच्यातनंच जावं लागतं काय?"

मी विचारलं. साहेबाचं हसू मावळलं. त्याच्या आवाजात जुनं दुखणं आलं. म्हणाला, "नाही तर कसं? नगराध्यक्ष येतात आणि जातात. हा जन्मभर तिथंच आहे. आमची जहाजं त्याच बंदराला लागतात. एका परवान्यासाठी ह्यानं मला बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसवलं होतं. माझा चेहरा आवडला नाही म्हणे. तुमच्या माणसानं ह्याला घोंगडं पांघरलं आणि ह्यानं पांघरून घेतलं? मला तर ह्यानं कधी नीट नमस्कारही केला नाही."

मी सांगितलं. खुसखुस थांबली. वीसपंचवीस माणसं, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या बाकावर झिजलेला, फोटोकडे नव्यानं पाहू लागली.

"बरोबर हाय," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "नगराध्यक्षाचं काय, आज हाय उद्या न्हाय. पट्टेवाला ओळखीचा पायजे."

"मंत्र्याशी ओळख असून आमची एक फाईल हलली न्हाय," दुसरा म्हणाला आणि शेटजींच्या दुकानाकडे बघू लागला.

मामानं घसा साफ केला. "म्हणून तर मी सत्कार त्याचा केला," तो म्हणाला. "साहेब होता की तितंच. त्याला मी कॅमेरा धरायला लावलं."

जिन्यातून मामीचा ठसका ऐकू आला.

मामा निवडून आला. पण यश एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. अध्यक्ष होताच पहिल्या बैठकीत त्यानं ठराव मांडला, की संघाच्या कचेरीला शोभेल असा पट्टेवाला हवा. संघाचा पट्टेवाला म्हणजे एक वयस्कर, उंचापुरा, शांत माणूस. जन्मभर खाकीत वावरलेला. त्याच्यासाठी मामानं तो फोटो शिंप्याकडे नेऊन लाल मखमलीचा डगला शिवून घेतला. जरीची किनार, पितळी बिल्ला, तुऱ्याचा फेटा, चांदीचा मुलामा दिलेली काठी. हातमोजे तेवढे पट्टेवाल्यानं नाकारले. "मालक, तंबाखू कशी मळू?" असं त्याचं म्हणणं पडलं आणि ते मान्य झालं.

संघाच्या वार्षिक सभेला मुंबईहून एक बडे अधिकारी पाहुणे म्हणून आले. मंडप भरला होता. मामानं त्या दिवशी साधा पांढरा शर्ट घातला होता आणि धोतर नेसलं होतं, कारण मोठी माणसं साधी राहतात असं तो आता सांगत असे. निवेदकानं पुकारलं, "आता पाहुण्यांच्या हस्ते नूतन अध्यक्षांचा सत्कार होईल."

पाहुणे हार घेऊन उठले. मामा पुढे झाला आणि त्यानं मान वाकवली. पाहुण्यांनी व्यासपीठावर एक नजर फिरवली. मखमल दिसली, जर दिसली, तुरा दिसला. ते मामाला वळसा घालून गेले आणि पट्टेवाल्याच्या गळ्यात हार घातला. शाल पांघरली, नारळ दिला, हात हातात घेऊन हलवला. मामा मान वाकवूनच उभा राहिला. फोटोग्राफरनं बटण दाबलं. पहिल्या रांगेत शेटजी उभे राहिले आणि त्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या, की सगळ्या मंडपाला वाजवाव्या लागल्या.

आठवड्याभरात समोरच्या दुकानातला मंत्री उतरला. त्याच्या जागी नवा फोटो लागला: लाल डगल्यातला पट्टेवाला, मुंबईचे पाहुणे, आणि दोघांच्या मधोमध, मागे, मान वाकवून हाराची वाट पाहणारा माझा मामा. खाली अक्षरं होती, "सोलापूरकाठी सत्कार". सोलापूरला काठ कसला, असं कुणी विचारलं नाही.

मामा दोन दिवस दुकानाच्या पायरीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी उतरला, रस्ता ओलांडला आणि शेटजींच्या गादीसमोर उभा राहून फोटो पाहू लागला. मी आणि मामी आमच्या पायरीवरून बघत होतो. आता भांडण होणार म्हणून आजूबाजूचे दुकानदारही बाहेर आले होते. मामानं बराच वेळ पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. शेटजीही हसायला लागले.

"एक कापी मला बी दे की," मामा त्यांना म्हणाला.

शेटजींनी दिली. ती मामानं पहिल्या फोटोच्या शेजारी टांगली आणि साबणाचं कॅलेंडर उतरवलं. मामीनं पदरानं दोन्ही काचा पुसल्या, एक पाऊल मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यात तुमी लई चांगलं आलायसा. पयल्यात निसती चादरच दिसती."